चार लाखांत काय तपासायचे, कुठे आणि कधी? भूम-परांडा पट्ट्यातील एका दूध शीतकरण केंद्राचे प्रकरण

डिसेंबरातल्या एका शनिवारी सकाळी दहा हजार लिटरचा टँकर खरेदीदार डेअरीच्या दारातून परत आला. फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), आम्लता आणि भेसळीच्या चाचण्या ठीक होत्या, प्रतिजैविकाची पट्टीही निर्धोक होती. नडला तो अफ्लाटॉक्सिन एम-1, म्हणजे जनावराच्या खाद्यातल्या बुरशीचे दुधात उतरणारे विष. भारतात दुधासाठी त्याची मर्यादा किलोला 0.5 मायक्रोग्रॅम आहे आणि टँकरमध्ये 0.62 भरला. लिटरला 30 रुपये धरले तर एका सकाळी तीन लाख गेले. केंद्राचे वर्षाचे तपासणीचे अंदाजपत्रक चार लाखांचे होते.

हे केंद्र आणि त्याच्या रकमा मांडणीसाठी रचलेल्या आहेत, कोणा एका संस्थेच्या नाहीत. कायदेशीर मर्यादा आणि विषाचे विज्ञान मात्र प्रत्यक्षातलेच आहे. चाचण्यांचे दर ढोबळ धरले आहेत. आपल्या पुरवठादाराचे दर घालून हेच गणित पुन्हा करता येईल.

परिस्थिती

धाराशिव जिल्ह्यातील भूम-परांड्याचा हा पट्टा पूर्वीपासून दुधाचा आणि खव्याचा. केंद्राकडे 24 गावांच्या संकलन केंद्रांवरून, सहा-सहा गावांच्या चार मार्गांनी, रोज 10,000 लिटर दूध येते. ते बहुतेक संकरित गाईंचे असते. सरासरी दहा लिटरची गाय धरली तर दुधात असलेली जनावरे सुमारे हजार. आंबोणात (खुराकात) मुख्य वाटा सरकी ढेपेचा, म्हणजे तेल काढून उरलेल्या कपाशीच्या बियांचा, दर गाईला दिवसाला साधारण साडेतीन किलो. ढेप बीड, परभणी, जालन्याच्या कापूस पट्ट्यातून ट्रकने येते आणि तीन-चार व्यापाऱ्यांमार्फत गावोगाव जाते. बरीचशी उधारीवर जाते आणि दहा दिवसांच्या दुधाच्या पगारातून कापली जाते. ही उधारीची वही पुढे फार उपयोगी पडते.

चार लाख आधी असे खर्च होत होते. युरिया, न्यूट्रलायझर (दुधाचा आंबटपणा लपवणारा पदार्थ), स्टार्च, मीठ, डिटर्जंट यांच्या रोजच्या भेसळ चाचण्यांवर सगळ्या केंद्रांचे मिळून 1,60,000 जात. रोजच्या टँकरला प्रतिजैविकाची एक पट्टी, 120 रुपयांप्रमाणे वर्षाला 43,800. अफ्लाटॉक्सिनची पट्टी आठवड्यातून एकदा, दर सोमवारी, टँकरच्या दुधावर, 300 रुपयांप्रमाणे 15,600. मे आणि नोव्हेंबरमध्ये चोवीसही केंद्रांचे नमुने बाहेरच्या प्रयोगशाळेत, नमुन्याला 3,000 प्रमाणे 1,44,000. उरलेले 36,600 एमबीआरटी (दुधातल्या जिवाणूंचा अंदाज देणारी चाचणी) आणि कासदाहाच्या (कासेच्या सुजेच्या) चाचण्यांना.

कागदावर ही व्यवस्था भरभक्कम दिसते. बाहेरच्या प्रयोगशाळेचे 48 अहवाल फाइलला लावलेले, सगळे मर्यादेत. तरी टँकर परत आला.

माग कसा काढला

प्रत्येक संकलन केंद्राच्या दुधाचा 50 मिलीचा राखीव नमुना दोन दिवस गोठवून ठेवण्याची सवय इथे कामी आली. खरेदीदार डेअरीकडचा रीडर (पट्टी वाचून आकडा देणारे यंत्र) वापरून चोवीस नमुने दुपारपर्यंत तपासले. खर्च 7,200 रुपये. सात केंद्रे वर निघाली, सरासरी 1.3. बाकी सतरा केंद्रांची सरासरी 0.17. सात केंद्रांचे दूध 4,000 लिटर आणि बाकीचे 6,000. दोन्ही मिसळले की 0.62 येतो. टँकरच्या आकड्याशी हा हिशेब जुळला, म्हणजे सुटलेले आठवे केंद्र नव्हते. हा ताळा प्रत्येक वेळी करावा. जुळला नाही तर एकतर नमुना चुकला आहे किंवा टँकरमध्ये नोंदीबाहेरचे दूध गेले आहे.

सात केंद्रांत जात, चारा, पाणी असे काहीच सारखे नव्हते. उधारीच्या वहीतून एकच गोष्ट सारखी निघाली. मंगळवारी एका व्यापाऱ्याकडे उतरलेला दहा टनांचा एक ट्रक, पन्नास किलोची 200 पोती. परतीच्या पावसात भिजलेल्या सरकीची ती ढेप होती. नमुन्यात अफ्लाटॉक्सिन बी-1, म्हणजे बुरशीचे मूळ विष, किलोला 250 मायक्रोग्रॅम निघाले. पशुखाद्याच्या भारतीय मानकात मर्यादा 20 ची आहे.

गाईने खाल्लेल्या बी-1 पैकी साधारण 1 ते 2 टक्के भाग दुधात एम-1 होऊन उतरतो. जास्त दुधाच्या गाईत हे प्रमाण 6 टक्क्यांपर्यंतही जाते. दोन टक्के धरू. साडेतीन किलो ढेप गुणिले 250 म्हणजे पोटात 875 मायक्रोग्रॅम. त्याचे दोन टक्के साडेसतरा, तेही दहा लिटरमध्ये, म्हणजे लिटरला 1.75. त्या सात केंद्रांतल्या सुमारे सत्तर टक्के गाई ही ढेप खात होत्या. बाकी गाईंचे 0.17 चे दूध मिसळले की 1.3 च्या जवळ आकडा येतो. हेच गणित उलटे केले तर कळते की या आंबोणावर दुधाची मर्यादा ओलांडायला किलोला सत्तर-बहात्तर मायक्रोग्रॅमची ढेप पुरते.

आणखी एक आकडा निर्णायक आहे. 280 गाई रोज साडेतीन किलो खातात, म्हणजे दहा टनांचा लॉट साधारण दहा दिवसांत संपतो. एम-1 ढेप खाल्ल्यानंतर 12 ते 24 तासांत दुधात दिसू लागतो आणि ढेप बंद केल्यावर तीन-चार दिवसांत जातो. धोक्याचे आयुष्य इथे अवघे तेरा दिवसांचे आहे.

जुनी वाटणी कुठे चुकली

बाहेरच्या प्रयोगशाळेची चाचणी सर्वांत अचूक आणि सर्वांत महाग. पण चोवीस नमुने एकाच दिवशी घेतले की माहिती त्या एका दिवसाची मिळते. वर्षात असे दोन दिवस. तेरा दिवसांच्या धोक्याच्या काळात त्यातला एखादा दिवस पडण्याची शक्यता 26 भागिले 365, म्हणजे सात टक्के. पडला तरी अहवाल यायला आठ-दहा दिवस. तोवर ढेप गव्हाणीतून संपलेली, दूध विकलेले, पोती रिकामी. 1,44,000 रुपयांच्या या माहितीवर कोणताही निर्णय घेता येत नव्हता. याच गोष्टीचा आम्हाला सर्वांत जास्त खेद वाटतो, कारण चांगल्या हेतूने, प्रामाणिकपणे खर्च केलेला पैसा इथे वाया जात होता.

सोमवारच्या पट्टीची अडचण वेगळी. ढेप मंगळवारी उतरली, सोमवारची पट्टी त्याआधीच निर्धोक येऊन गेली होती. शिवाय टँकर हा मिश्रणाचा शेवटचा टप्पा. तो लॉट सातऐवजी पाचच गावांत गेला असता तर टँकरचा आकडा 0.49 आला असता. चाचणीत पास! पण त्या पाच गावांत घरी ठेवलेले दूध 1.3 चेच राहिले असते, आणि ते लहान मुले पितात. टँकरच्या आकड्यावर समाधान मानणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

भेसळीवरचा खर्च सवयीचा होता. भेसळ होते आणि ती तपासलीच पाहिजे. पण प्रमाणाचे भान हवे. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने 2018 मध्ये देशभरातून घेतलेल्या 6,432 दूध नमुन्यांत आरोग्याला घातक भेसळ 12 नमुन्यांत सापडली, प्रतिजैविकांचे मर्यादेबाहेरचे अंश 77 मध्ये आणि मर्यादेबाहेरचा अफ्लाटॉक्सिन एम-1 368 नमुन्यांत. आपल्याकडे चाळीस टक्के पैसा पहिल्या धोक्यावर आणि दर आठवड्याची एक पट्टी तिसऱ्यावर, अशी उलटी वाटणी होती.

नवी वाटणी

अंदाजपत्रक वाढवलेले नाही, चार लाखच. प्रत्येक रुपयाला तीन प्रश्न विचारले. हा धोका कुठून शिरतो? तो किती दिवस टिकतो? निकाल आल्यावर त्याच दिवशी काय करता येते? तिसऱ्याचे उत्तर नसेल तिथला पैसा काढून घेतला.

सर्वांत मोठा बदल ढेपेवर. हजार गाई, साडेतीन किलो, 365 दिवस म्हणजे वर्षाला सुमारे 1,277 टन, दहा टनांचे 128 ट्रक. शेकडो गोठे तपासणे अशक्य आहे, पण 128 ट्रक तपासणे अगदी शक्य आहे. एका नमुन्याला 500 रुपये धरले तर सगळे लॉट 64,000 रुपयांत होतात. पावसाळा आणि परतीच्या पावसानंतरच्या महिन्यांतल्या 60 लॉटना दुसरा स्वतंत्र नमुना, आणखी 30,000. एकूण 94,000. दुधाची खूप तपासणी करण्यापेक्षा हा पैसा जास्त वाचवतो, कारण गव्हाणीत पडण्याआधी थांबवलेल्या ढेपेमुळे कोणाचेही दूध थांबत नाही. या प्रकरणात टँकरचे तीन लाख गेलेच, शिवाय सात गावांचे दूध तीन दिवस रोखावे लागले. 4,000 लिटर, 30 रुपये, तीन दिवस म्हणजे 3,60,000. मिळून 6,60,000.

काहीजण परगावच्या बाजारातून ढेप आणतात, शेंगदाणा पेंड किंवा मक्याचा भरडा घालतात. ते ट्रकच्या तपासणीत सापडत नाही. त्यासाठी दुधाची तपासणी राहते, पण टँकरवर नाही, मार्गावर. चार मार्गांचे चार नमुने सप्टेंबर ते फेब्रुवारी आठवड्यातून दोनदा, बाकी सहा महिने एकदा. वर्षाला 312 नमुने, 93,600 रुपये. तीन-चार दिवसांचे अंतर मुद्दाम ठेवले आहे, दहा दिवसांचा लॉट त्यातून निसटत नाही. वार मात्र ठरलेला नको. आठवड्याच्या सुरुवातीला चिठ्ठ्या टाकून वार काढावेत.

मार्गाच्या नमुन्यात एक फसगत आहे. सहापैकी एकच केंद्र 1.3 चे आणि पाच 0.17 ची असतील तर मार्गाचा आकडा 0.36 येतो. 0.5 ला रंग बदलणारी साधी पट्टी हे दूध निर्धोक दाखवते. म्हणून इथे आकडा देणारा रीडर लागतो आणि हालचालीची रेषा 0.3 वर ठेवावी लागते. 0.3 च्या वर गेले की त्याच दिवशी त्या मार्गाची सहा केंद्रे वेगवेगळी तपासायची. याउलट 0.05 ला रंग बदलणारी युरोपीय मर्यादेची पट्टी आणली तर हिवाळ्यात प्रत्येक मार्ग धोक्याचा दिसेल आणि महिन्याभरात लोक पट्टीकडे पाहणेच सोडतील. रीडर एकदाच घ्यावा लागतो, तो भांडवली खर्चात धरला आहे.

प्रतिजैविकांचा धोका वेगळ्या स्वभावाचा. तो ट्रकमधून येत नाही, एका गोठ्यात एका कासदाहाच्या उपचारातून येतो आणि उद्या दुसऱ्या गोठ्यात असतो. पेनिसिलीनची कोडेक्स (आंतरराष्ट्रीय अन्नमानक) मर्यादा किलोला 4 मायक्रोग्रॅम इतकी कमी आहे की सडात औषध सोडलेल्या एका गाईचे लगेचचे दूध मोठा साठा बिघडवू शकते. टँकरची रोजची पट्टी म्हणून कायम. जोडीला रोज चिठ्ठीने निघालेल्या एका केंद्राची पट्टी. प्रत्येक केंद्राची पाळी वर्षात सरासरी पंधरा वेळा येते आणि कधी येईल ते कोणाला माहीत नसते. दोन्ही मिळून 87,600. याहून जास्त काम फुकटची गोष्ट करते. उपचार करणाऱ्याने गाईच्या मागच्या पायाला निळी फीत बांधायची, औषधाच्या वेष्टनावर लिहिलेला दुधाचा वर्ज्य काळ संपल्यावरच ती सोडायची आणि दोन्ही तारखा केंद्राच्या वहीत लिहायच्या. फीत असलेल्या गाईचे दूध आणले नाही म्हणून पगारातला बोनस कापला, तर दुसऱ्या दिवसापासून एकही फीत दिसणार नाही.

भेसळीसाठी 50,000. रोज सगळ्यांची नाही. ज्या केंद्राचा सीएलआर (लॅक्टोमीटरचा आकडा) किंवा फॅट स्वतःच्या महिन्याच्या सरासरीपासून अचानक सरकतो त्याची, आणि त्याखेरीज अचानक भेटीत. बाहेरच्या प्रयोगशाळेला वर्षात 12 नमुने, 36,000. त्यांचे काम आता रीडर बरोबर दाखवतो का हे पडताळणे. ब्रुसेला या गाभ पाडणाऱ्या जिवाणूसाठी दर तिमाहीला चोवीस केंद्रांची मिल्क रिंग चाचणी, 4,000. स्वस्त आहे, पण चीक, कासदाहाचे दूध किंवा आटत आलेल्या गाईचे दूध मिसळले की खोटा सकारात्मक निकाल येतो. म्हणून निकालावर कोणाला बोल न लावता गाव पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवायचे, रक्ताची चाचणी तिथून होईल आणि 4 ते 8 महिन्यांच्या कालवडींचे लसीकरण राहिले असेल तर तेही. एमबीआरटी आणि कासदाहासाठी 14,800. उरलेले 20,000 माग काढण्यासाठी राखीव. चोवीस केंद्रांच्या दोन पूर्ण फेऱ्या त्यात बसतात. ही रक्कम मार्चअखेर उरली म्हणून दुसरीकडे खर्च करू नये.

कोवळ्या ज्वारीची विषबाधा जनावर मारते, पण तिच्यासाठी तपासणीचा पैसा ठेवलेला नाही. पेरणीनंतर आणि ताण पडलेल्या पिकात जनावर सोडू नका, हे वेळेवर सांगण्याने ती टळते. प्रत्येक धोक्याचे उत्तर चाचणीच असते असे नाही.

ढेपेचा नमुना: सगळे यावर अवलंबून

दूध गाईने आधीच घुसळून एकजीव केलेले असते. ढेपेत तसे नसते. बुरशी एका कोपऱ्यातल्या भिजलेल्या पोत्यात असते आणि शेजारचे पोते स्वच्छ असते. व्यापाऱ्याने पुढे केलेल्या पोत्यातून मूठभर घेऊन तपासले तर 500 रुपये वाया.

200 पोत्यांतून दर दहावे, अशी 20 पोती घ्यावीत. ट्रक उतरत असतानाच, कारण थप्पी लागल्यावर आतली पोती हाती लागत नाहीत. प्रत्येक पोत्यात वर, मध्ये आणि तळाशी परखी (नमुना काढायची टोकदार नळी) घालून तीन वेळा शंभर-शंभर ग्रॅम काढावे. सहा किलो जमतात. ते सगळे दळून घ्यावे, खडे तसेच ठेवून नमुना काढू नये. स्वच्छ ताडपत्रीवर ढीग करून चार भाग करावेत, समोरासमोरचे दोन ठेवून दोन काढून टाकावेत, पुन्हा मिसळून पुन्हा चार भाग, असे करत अर्ध्या किलोवर यावे. त्याचे दोन भाग करून एक तपासणीला, दुसरा व्यापाऱ्याच्या सहीने लाखबंद. दर दहाव्या पोत्याच्या नियमात न बसणारे पण हाताला गरम, काळपट किंवा गोळे झालेले पोते दिसले तर त्याचा नमुना वेगळा घ्यावा, सहा किलोत मिसळू नये. सहा किलोत मिसळले तर लॉटचा आकडा खोटा होतो आणि न घेतले तर सर्वांत वाईट पोते सुटते.

20 च्या आत निघालेला लॉट त्याच दिवशी मोकळा. वर निघाला तर दुसरा नमुना लगेच घ्यायचा. तोही वर आला तर ट्रक परत. आम्ही इथे मधली वाट ठेवत नाही. चांगल्या ढेपेत मिसळून आकडा खाली आणणे, भाकड गाईंना किंवा बैलांना घालणे, या सूचना हमखास येतात. विष तेवढेच राहते, फक्त जास्त गव्हाणींत जाते. बैलाचे दूध कोणी पीत नाही, पण यकृत त्यालाही असते. विषशोषक भुकटी आंबोणात घातल्याने शोषण कमी होते, तरी ती वाईट लॉटचा परवाना नव्हे.

हे चालायचे तर व्यापाऱ्याशी हंगामाआधी लेखी ठराव हवा: पगारातून उधारी कापून देण्याची सोय फक्त तपासलेल्या लॉटला, आणि प्रत्येक उधारीच्या ओळीत लॉट क्रमांक. केंद्राच्या हातात हीच खरी चावी आहे. लॉट क्रमांक असला की डिसेंबरात जो माग काढायला अर्धा दिवस लागला तो दहा मिनिटांत निघतो.

चाचणीत काय बिघडते

पट्ट्या 2 ते 8 अंशांत ठेवायच्या असतात. वीज जाते तिथे फ्रीजमध्ये थर्मामीटर आणि बर्फाच्या पिशव्या हव्यात. फ्रीजमधून काढलेली पट्टी गार असतानाच वापरली तर रेषा फिकट येते, म्हणून बंद डबी वीस मिनिटे बाहेर ठेवावी. इन्क्युबेटर इन्व्हर्टरवर असावा. आंबट किंवा फाटलेले दूध पट्टीवर चढत नाही, तो निकाल धरू नये. कॅनमधून वरचे साईचे दूध घेतल्याने नमुना चुकतो. दांडीने तळापासून दहा-बारा वेळा ढवळावे.

दूध उकळून एम-1 जात नाही, तो उष्णता सोसतो आणि केसीन या दुधातल्या प्रथिनाला चिकटून राहतो. पाच लिटर दुधाचा साधारण एक किलो खवा होतो, तेव्हा 0.62 चे दूध भट्टीवर गेले तर खव्यात आकडा तिनाच्या घरात जातो. परत आलेला टँकर भट्टीला देण्याचा मोह या भागात सहज होतो. त्या शनिवारी तो आवरला गेला, दूध ओतून दिले.

सात केंद्रांच्या शेतकऱ्यांना त्या तीन दिवसांचा निम्मा दर केंद्राने दिला आणि निम्मा व्यापाऱ्याच्या थकीत हिशेबातून वळता केला. ढेप वाईट आहे हे शेतकऱ्याला कळण्याचा काहीच मार्ग नव्हता. पूर्ण तोटा त्याच्या माथी मारला असता तर पुढच्या वेळी कोणी "नवी ढेप घातल्यापासून गाय नीट खात नाही" हे केंद्रावर येऊन सांगितले नसते, आणि ही बातमी कोणत्याही पट्टीच्या दोन दिवस आधी येते. मार्ग पर्यवेक्षकाने सकाळच्या फेरीत रोज हाच एक प्रश्न विचारायचा आहे: ढेप बदलली का? उत्तर "हो" आले की त्या गावाचा नमुना चिठ्ठीची वाट न पाहता त्याच दिवशी घ्यायचा, खर्च राखीव वीस हजारांतून.

वाटणी दरवर्षी सप्टेंबरच्या आधी पुन्हा पाहायची. सलग 59 लॉटमध्ये एकही वाईट निघाला नाही, तर वाईट लॉटचे प्रमाण पाच टक्क्यांच्या आत आहे असे 95 टक्के खात्रीने म्हणता येते. 29 लॉटवर तीच खात्री फक्त दहा टक्क्यांपर्यंतची. म्हणून एखाद्या व्यापाऱ्याचे 59 लॉट स्वच्छ गेल्याशिवाय त्याचा दुसरा नमुना बंद करायचा नाही, आणि एक जरी लॉट परत गेला तरी मोजणी पुन्हा एकपासून.